जुनी मर्सिडीज की नवी इनोव्हा? चाळीस वर्षांत मोटारीत नेमके काय बदलले

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांहून जुन्या मोटारींच्या फेरनोंदणीचे शुल्क वाढवून दहा हजार रुपये केले. त्याच सुमारास पंपावरच्या वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून वाद पेटला होता आणि महाराष्ट्रात २०१९ पूर्वीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवण्याची धावपळ चालू होती. या तिन्ही गोष्टींमुळे अनेक घरांत एकच चर्चा सुरू झाली : वडिलांनी किंवा काकांनी हौसेने घेतलेली, अजून उत्तम चालणारी जुनी उंची गाडी ठेवायची, की ती काढून कुटुंबासाठी नवी सात आसनी घ्यायची? अशा चर्चेत दोन वाक्ये हटकून ऐकू येतात. एक, ‘जुन्या गाडीचा पत्रा बघा, आताच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे’. आणि दुसरे, ‘जुन्या गाडीत काय आहे, साधा टचस्क्रीनसुद्धा नाही’. माझ्या मते ही दोन्ही वाक्ये चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतात. नेमका फरक कुठे आहे, हे समजून घेण्यासाठी दोन प्रत्यक्ष गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून पाहू.

एकाच लांबीच्या दोन गाड्या

पहिली गाडी मर्सिडीज-बेंझची ई २२०. कंपनीच्या अंतर्गत भाषेत या पिढीला डब्ल्यू १२४ म्हणतात आणि जुन्या गाड्यांचे शौकीनही तिला याच नावाने ओळखतात. ही पिढी १९८४ च्या अखेरीस जर्मनीत बाजारात आली. आपल्याकडे तिचे महत्त्व वेगळेच आहे. मर्सिडीजने १९९४ मध्ये भारतात कंपनी स्थापन केली आणि १९९५ मध्ये पुण्याजवळ पिंपरीत टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, आवारात जी पहिली गाडी जुळवायला घेतली, ती हीच. दुसरी गाडी टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस, २०२२ च्या अखेरीस आलेली आणि कर्नाटकातील बिडदी येथे तयार होणारी हायब्रिड गाडी. वरच्या श्रेणीतील हायक्रॉस तीस लाखांच्या वर जाते, त्यामुळे ती सर्वसामान्य कुटुंबाची गाडी आहे असे मी म्हणणार नाही. पण सात माणसांना घेऊन गावी जाणारी आजची कौटुंबिक गाडी कशी असते, याचा ती चांगला नमुना आहे.

या दोघींची निवड करण्यामागे आणखी एक कारण आहे. माझ्या आतेभावाकडे कोथरूडमध्ये १९९६ ची ई २२० आहे आणि आमच्या घरी हायक्रॉस आहे. गेल्या दिवाळीत दोन्ही गाड्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी लागल्या, तेव्हा एक गोष्ट प्रथमच लक्षात आली : त्यांची लांबी जवळजवळ सारखी आहे. मर्सिडीज ४७४० मिलिमीटर, हायक्रॉस ४७५५. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर एकीचे २८०० आणि दुसरीचे २८५० मिलिमीटर. पण मर्सिडीजची उंची साधारण १४३० मिलिमीटर आणि हायक्रॉसची १७९० च्या आसपास. म्हणजे जमिनीचा तुकडा तेवढाच, पण एकीवर बैठा बंगला बांधला आहे आणि दुसरीवर माळा चढवला आहे. पुढच्या बहुतेक फरकांचे मूळ या एका निर्णयात आहे. बैठ्या गाडीत चार माणसे ऐसपैस बसतात, पाचवे सावरून बसते आणि डिकीत भरपूर सामान मावते. उंच गाडीत सात जण बसतात, पण तिसरी रांग उभी असली की सामानाला थोडकीच जागा उरते.

माझ्या आईचा निकष अगदी साधा आहे. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. मर्सिडीजमध्ये बसताना तिला खाली वाकून शरीर आत सोडावे लागते आणि उतरताना कुणाचा तरी हात लागतो. हायक्रॉसचे आसन खुर्चीच्या उंचीचे आहे, त्यामुळे ती बसते आणि उठते एवढेच. आलिशानपणाच्या कोणत्याही यादीत ही बाब सापडत नाही. घरात वयस्कर माणसे असतील तर तिचेच वजन सगळ्यात जास्त असते.

‘जाड पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी’ हे खरे का?

गाडीचे बॉनेट बोटाने दाबून मजबुती ठरवायची सवय आपल्याकडे खोलवर रुजली आहे. ती का चुकीची आहे, हे नारळावरून समजेल. असोला नारळ, म्हणजे सोडण न काढलेला नारळ, माडाच्या शेंड्यावरून जमिनीवर पडतो आणि बहुधा फुटत नाही. तोच नारळ सोलून देवळाच्या पायरीवर आपटला की एका फटक्यात त्याची दोन भकले होतात. करवंटी दोन्ही वेळा तेवढीच कठीण असते. फरक करते ते सोडण, कारण ते दबते आणि दबताना आघात स्वतःत जिरवते.

मोटारीत या सोडणाला क्रम्पल झोन म्हणतात. आपण त्याला ‘दबणारा भाग’ म्हणू. गाडीचा पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम असा बांधतात की, टक्कर झाली तर तो ठरलेल्या घडीने चुरगळावा आणि मधला प्रवाशांचा पिंजरा करवंटीसारखा अभंग राहावा. ही कल्पना मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांची. त्यांनी तिचे पेटंट पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला घेतले आणि १९५९ मध्ये ती प्रत्यक्ष गाडीत आली.

आता थोडे गणित. ताशी ६४ किलोमीटर वेगाने एखाद्या भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे १६ मीटर उंचीवरून, म्हणजे पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडण्यासारखे असते. शरीरावर किती जोर येईल, हे थांबायला किती अंतर मिळते यावर ठरते. साठ सेंटिमीटर अंतर मिळाले तर सरासरी जोर स्वतःच्या वजनाच्या सुमारे २७ पट येतो. पत्रा जाड, सांगाडा ताठर आणि थांबायला फक्त तीस सेंटिमीटर मिळाले, तर तोच जोर दुप्पट, म्हणजे ५४ पट होतो. वेग दुप्पट केला तर आघाताची ऊर्जा चौपट होते, हेही सोबत लक्षात ठेवावे. ‘गाडीला काहीच झाले नाही, पण माणूस गेला’ अशा जुन्या अपघातांच्या हकिकती आपण ऐकतो, त्यामागचे कारण हेच असते : जो आघात पत्र्याने घ्यायचा, तो शरीराने घेतला.

याच गणितातून एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मांडीवर घेतलेल्या दहा किलोच्या बाळाला २७ पटींच्या जोराने धरून ठेवायचे, तर हातांना २७० किलोचा भार पेलावा लागेल. कोणत्याही आईचे किंवा आजोबांचे हात ते करू शकत नाहीत, मग गाडी जुनी असो वा नवी.

समोरासमोर टक्कर झाली तेव्हा

हा वाद प्रयोगाने मिटवण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला आहे. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी ही विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी संस्था. २००९ मध्ये तिला पन्नास वर्षे पूर्ण झाली, तेव्हा तिने १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्यांची ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर टक्कर घडवून आणली. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या भागाची एकच बाजू एकमेकींवर आदळली, कारण रस्त्यावरचे अपघात बहुधा असेच होतात. बेल एअर लांबरुंद, भरपूर पोलाद ल्यालेली गाडी. मालिबू अगदी चारचौघांसारखी कौटुंबिक सेडान. टक्करीनंतर बेल एअरमध्ये चालकाच्या जागेचा चोळामोळा झाला आणि स्टिअरिंग चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या अंगावर आले. मालिबूचे बॉनेट पूर्ण चुरगळले, पण पिंजरा शाबूत राहिला. पुतळ्याच्या मोजमापांवरून निष्कर्ष असा निघाला की, जुन्या गाडीचा चालक वाचला नसता आणि नव्या गाडीच्या चालकाला पायाची किरकोळ दुखापत झाली असती. या टक्करीची चित्रफीत सहज मिळते. ‘पत्र्याचा डबा’ हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा पाहावी.

‘पण मर्सिडीज तर सुरक्षिततेसाठीच नावाजलेली होती’

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. ई २२० ही १९५९ ची गाडी नव्हे. तिच्यात दबणारा भाग आहे, अभंग पिंजरा आहे आणि आपल्या काळात ती जगातल्या सर्वांत सुरक्षित गाड्यांपैकी होती. नव्वदच्या दशकात भारतीय रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक गाड्यांशी तुलना केली तर ती कितीतरी पुढे होती. प्रश्न एवढाच आहे की, त्यानंतर तीस वर्षे गेली आणि तिच्यातल्या उत्तम गोष्टी इतरांकडेही पोहोचल्या.

हा प्रवास कसा झाला, तो मुद्दाम सांगतो. जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या सर्वांत महागड्या एस-क्लासमध्ये आली. चालकासाठी एअरबॅग १९८१ मध्ये त्याच गाडीत आली. भारतात सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ मध्ये, आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ मध्ये. म्हणजे धनिकाच्या गाडीतून तुमच्या-आमच्या गाडीत यायला या दोन गोष्टींना सुमारे चाळीस वर्षे लागली.

तिसरी यंत्रणा ईएसपी. वळणावर गाडी घसरू लागली की ही यंत्रणा चारांपैकी नेमक्या एकाच चाकाला आपण होऊन ब्रेक लावते आणि गाडी रेषेत आणते. घाटात मातीवरून चाक घसरल्यावर चालकाला जे सुचायच्या आत करायला हवे असते, ते ती करते. १९९५ मध्ये ती मर्सिडीजच्या महागड्या कूपेत, म्हणजे दोन दारांच्या गाडीत, आली. पुढे १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मासिकाने त्याच कंपनीच्या छोट्या ए-क्लासची चाचणी घेतली. रस्त्यावर अचानक हरीण आडवे आले तर चालक जसे स्टिअरिंग झटकन फिरवेल, तसे फिरवल्यावर ती गाडी उलटली. बराच गवगवा झाला. कंपनीने उपाय म्हणून ए-क्लासच्या प्रत्येक गाडीत ईएसपी बसवले आणि जी यंत्रणा श्रीमंतांपुरती होती ती अचानक छोट्या कौटुंबिक गाडीत आली. डब्ल्यू १२४ मात्र या सगळ्याच्या आधीची. तिच्यात ईएसपी नाही, बाजूच्या एअरबॅगा नाहीत, आणि मुलांचे आसन गाडीच्या सांगाड्याला थेट अडकवणारे आयसोफिक्सचे हूकही नाहीत.

हायक्रॉसला २०२५ मध्ये भारत एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले. भारत एनकॅप म्हणजे गाड्या प्रत्यक्ष आदळवून त्यांना एक ते पाच तारे देणारा आपल्याकडचा सरकारी उपक्रम; तो ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाला. यातील समोरची टक्कर ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतात. येथे एक इशारा आवश्यक आहे. ‘नवी’ म्हणजे आपोआप ‘सुरक्षित’ असा अर्थ नाही. आजही बाजारात कमी तारे मिळालेल्या आणि चाचणीच न झालेल्या गाड्या आहेत, त्यामुळे गाडीचे वय नव्हे तर तारे विचारावेत. आणि उत्तम नवी गाडीही पट्टा न लावणाऱ्याला वाचवू शकत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. गाडी आधुनिक आणि उंची होती. समोर बसलेले दोघे वाचले, मागे बसलेले दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे तपासात समोर आले.

मग जुन्या गाडीत बसल्यावर इतके सुख का वाटते?

कारण ते सुख खरे आहे. त्याचा भास होत नसतो. आतेभावाच्या गाडीचे दार बंद केले की तिजोरी बंद झाल्यासारखा एकच भरीव आवाज येतो. किल्ली फिरवली की चारही दारांची कुलुपे हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळ्यांनी, हलका सुस्कारा सोडत लागतात. पावसात तिचा एकुलता एक वायपर पाहण्यासारखा असतो : तो नुसता अर्धवर्तुळात फिरत नाही, तर काचेच्या वरच्या कोपऱ्यांजवळ पोचताना लांब होतो आणि मध्ये येताना पुन्हा आखडतो. अशा रीतीने तो काचेचा सुमारे ८६ टक्के भाग पुसतो. एका वायपरसाठी एवढा खटाटोप का, असे कुणी विचारेल. त्या काळी त्या कंपनीत आधी अभियंते गाडी ठरवत आणि किंमत नंतर ठरे, असे म्हटले जाते. तो वायपर पाहिला की ते पटते.

खंबाटकीच्या घाटापुढच्या खराब रस्त्यावर दोन्ही गाड्या एकाच दिवशी चालवण्याचा योग आला, तेव्हा फरक पाठीला कळला. मर्सिडीजच्या मागच्या प्रत्येक चाकाला पाच स्वतंत्र दांड्यांनी धरलेले आहे. त्यामुळे डावे चाक खड्ड्यात गेले तर उजव्याला त्याची खबरही लागत नाही. हायक्रॉसची मागची दोन चाके एका आडव्या तुळईने जोडलेली आहेत. बैलगाडीचे एक चाक दगडावर चढले की आसासकट सगळी गाडी कलते, ते आठवावे. आधुनिक तुळई थोडी पिळवटते, म्हणून कलणे बरेच कमी होते, पण पुरते जात नाही.

मग १९८४ ची रचना चांगली असून २०२२ च्या गाडीत ती का नाही? कारण पाच दांड्यांना जागा लागते, पैसा लागतो आणि काही वर्षांनी त्यांचे सगळे रबरी बुश बदलावे लागतात. तुळई बसकी असते, तिच्यावर सपाट जमीन आणि तिसरी रांग बसवता येते. कुटुंबाच्या गाडीने मागच्या दोन माणसांची जागा निवडली आणि त्यासाठी थोडे सुख सोडले. हा निर्णय मला योग्य वाटतो, पण त्यात काहीतरी सोडले गेले आहे हे मान्य करायला हवे.

टायरचाही यात वाटा आहे. मर्सिडीजचे टायर १९५/६५ आर १५ मापाचे. पहिला आकडा रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे तो. म्हणजे भिंत सुमारे १२७ मिलिमीटर. हायक्रॉसच्या वरच्या श्रेणीत २२५/५० आर १८ टायर येतात, त्यांची भिंत साधारण ११२ मिलिमीटरच. टायरची भिंत ही खड्डा आणि माणूस यांच्यामधली पहिली उशी. मोठी चकचकीत चाके दिसायला छान, पण उशी पातळ झालेली असते. त्याच हायक्रॉसच्या खालच्या श्रेणीतले २०५/६५ आर १६ टायर खड्ड्यांत अधिक मऊ जातात. खरेदीच्या वेळी शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही, म्हणून येथे सांगितले.

शिवाय बैठी गाडी वळणावर कमी झुकते. घागर कमरेवर घेऊन वळणे आणि डोक्यावर घेऊन वळणे यात जो फरक, तोच येथे आहे. आसनांच्या आत मर्सिडीजने पोलादी स्प्रिंगा आणि वर रबरात बसवलेल्या काथ्यासारख्या तंतूंची गादी घातली होती. आजच्या आसनांत साच्यात ओतलेला फोम असतो. चार तासांनंतर कोणत्या आसनावर पाठ कमी दुखते, याचे उत्तर माझ्यापुरते जुन्या गाडीच्या बाजूचे आहे.

‘आताच्या गाड्या टिकत नाहीत’

हे वाक्य ऐकले की मला पुण्यातले वाडे आठवतात. दीडशे वर्षे उभा असलेला वाडा दाखवून आपण म्हणतो, जुने बांधकाम काय मजबूत! पण १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात मातीत विरघळून गेलेले वाडे आपल्याला दिसत नाहीत. दिसतो तो टिकलेला. मोटारींचेही तसेच आहे. आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक डब्ल्यू १२४ ही कुणीतरी जीव लावून जपलेली गाडी आहे. भंगारात गेलेल्या तिच्या बहिणी मोजायला कुणी जात नाही.

याच कंपनीची एक जुनी डिझेल टॅक्सी ग्रीसमध्ये सेहेचाळीस लाख किलोमीटर चालली आणि आता कंपनीच्या संग्रहात आहे. ही गोष्ट खरी आहे, पण त्या प्रवासात तिची इंजिने अनेकदा बदलली गेली, हा भाग सांगताना गळतो. जुन्या गाडीचे टिकाऊपण म्हणजे बिघाड न होणे नव्हे, तर बिघडलेला भाग सुटा काढून बदलता येणे. हा गुण मात्र नव्या गाड्यांत खरोखरच कमी झाला आहे, आणि जुन्या मेकॅनिकांची तक्रार याच कारणाने रास्त आहे.

आतेभावाच्या गाडीने तीन वर्षांपूर्वी अचानक झटके द्यायला सुरुवात केली. मेकॅनिकने इंजिनाजवळच्या वायरिंगवरचे आवरण काढले, तेव्हा आतल्या तारांचे इन्सुलेशन खारी बिस्किटासारखे हातात चुरगळले. इंजिन ठणठणीत होते, तारांनी वयामुळे दम तोडला होता. धातू टिकतो, रबर, प्लॅस्टिक आणि तारा कालबद्ध असतात. हायक्रॉसमध्ये अशा तारा, संवेदक आणि संगणक कितीतरी अधिक आहेत. कंपनी तिच्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देते. तीस वर्षांनंतर तिचे संगणक मिळतील का, हा प्रश्न आज कुणालाही सोडवता येणारा नाही. पहिली पंधरा वर्षे कमी कटकट हवी असेल तर नवी गाडी आणि तिसाव्या वर्षीही दुरुस्त होण्याची शक्यता हवी असेल तर जुनी, असा माझा ठोकताळा आहे.

अॅव्हरेज, धूर आणि इथेनॉल

ई २२० एका लिटरमध्ये साधारण ८ ते १० किलोमीटर जाते. हायब्रिड हायक्रॉसचा अधिकृत चाचणीतला आकडा २३.२४ आहे, रस्त्यावर तो कमी मिळतो, तरी तफावत प्रचंड राहते. हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटार आणि छोटी बॅटरी असलेली गाडी. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणा. घरातला प्रत्येक नळ सोडताना खालचा पंप सुरू केला तर वीज वाया जाईल. म्हणून पंप एकदाच जोमाने चालवून टाकी भरतात आणि नळाला पाणी टाकीतून येते. हायब्रिड गाडीत इंजिन पंप आहे आणि बॅटरी टाकी. शिवाय ब्रेक दाबल्यावर जी ऊर्जा एरवी उष्णता होऊन उडून गेली असती, ती पागोळ्यांचे पाणी पिंपात धरावे तशी पुन्हा बॅटरीत धरली जाते. म्हणूनच ही गाडी सिग्नलांच्या गर्दीत उजवी ठरते, तर जुनी गाडी तिथेच सर्वाधिक पेट्रोल पिते.

धुराच्या बाबतीत जुन्या गाडीची बाजू मांडता येत नाही. देशातल्या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना शिसेविरहित पेट्रोल आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो एप्रिल १९९५ मध्ये, म्हणजे ही मर्सिडीज पिंपरीत तयार होऊ लागली त्याच वर्षी. त्यानंतर भारत स्टेजची मानके पायरी पायरीने कडक होत एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झाले. जुनी गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटर चालत असेल तर एकूण हानी मर्यादित राहते. रोज कचेरीला तीच नेणे मात्र शहराच्या हवेवर अन्याय आहे.

इथेनॉलचे काय? इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश ऊर्जा असते, म्हणून ई२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत अॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी उतरणे स्वाभाविक आहे. जुन्या गाडीची खरी अडचण दुसरी आहे. इथेनॉल हवेतले पाणी शोषते आणि जुन्या पद्धतीच्या रबराला फुगवते किंवा कडक करते. आठवड्याला टाकी संपवणाऱ्या गाडीत पेट्रोल साचून राहत नाही. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या हौसेच्या गाडीत ते साचते. त्यामुळे इंधनाचे होज पाइप, सील आणि फिल्टर इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारचे बसवून घ्यावेत आणि पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल पडून राहू देऊ नये.

कायद्याच्या नजरेत ‘क्लासिक’ नावाचा वर्ग नाही

येथे पुष्कळांची फसगत होते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडीच त्यात बसते. तिच्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि ती रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आतेभावाची १९९६ ची मर्सिडीज या वर्गात जाण्यासाठी २०४६ उजाडावे लागेल. तोवर ती कायद्याच्या लेखी फक्त एक जुनी मोटार आहे : पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग, पर्यावरण कर आणि वर सांगितलेले वाढीव शुल्क. तीस-चाळीस वर्षांच्या, काळजीपूर्वक राखलेल्या आणि अगदी कमी चालणाऱ्या गाड्यांसाठी मधला वर्ग आणि वर्षाला किलोमीटरची मर्यादा असावी, असे मला मनापासून वाटते. पिंपरीत तयार झालेल्या पहिल्या मर्सिडीज हा महाराष्ट्राच्या उद्योगाचा इतिहास आहे. तो भंगाराच्या दराने जाऊ नये.

दोन्ही ठेवायच्या असतील तर

आतेभावाच्या आणि आमच्या घरात मिळून ठरलेली विभागणी अशी आहे. मुले, आई आणि द्रुतगती मार्ग यांपैकी काहीही असेल तर हायक्रॉस निघते. मर्सिडीज रविवारी पहाटे, वर्दळ सुरू होण्याआधी, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येते आणि तिच्यात चौघांहून अधिक माणसे बसत नाहीत. तिचे मागचे पट्टे गेल्या वर्षी आम्ही नवे बसवून घेतले, कारण तीस वर्षे उन्हात राहिलेल्या पट्ट्याचे कापड वरून धडधाकट दिसले तरी आतून जीर्ण झालेले असते.

कुणी अशी गाडी विकत घ्यायला निघाले असेल, तर रंग आणि लाकडी पट्टी पाहण्याआधी टायरच्या भिंतीवर लंबगोलात कोरलेले चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. ‘२३१४’ असेल तर तो टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. त्याची नक्षी नव्यासारखी खोल असली, तरी गाडी त्याच टायरवर घाटात न नेता आधी टायरवाल्याकडे न्यावी.